नापास करा, पण कारण सांगा!

शिवाजी पेठ ही तालमींची पेठ. येथे पराभवाची लाज कोणी बाळगत नाही. मल्लाची पाठ मातीला टेकली की ती पंचाइतकीच प्रेक्षकांनाही दिसते, म्हणून हरलेला मल्लही अंगावरची माती झटकून विजेत्याचा हात हातात घेतो. परंतु याच पेठेतील एखाद्या घरात महाविद्यालयाचे दोन ओळींचे पत्र येते. प्रात्यक्षिक प्रशिक्षणातील कामगिरी असमाधानकारक आढळल्याने विद्यार्थ्याचे नाव अभ्यासक्रमातून कमी करण्यात येत आहे, एवढाच त्यातील मजकूर. तेव्हा पाठ नेमकी कोठे टेकली, केव्हा टेकली आणि ती कोणी पाहिली, हे घरातील कोणालाच उमगत नाही. लेखी परीक्षेत पहिल्या वर्गाचे गुण मिळवणारी मुलगी शाळेतील सराव पाठात किंवा रुग्णालयातील ड्युटीत 'अयोग्य' कशी ठरली, याचे उत्तर त्या दोन ओळींत नसते.

अशा वेळी पेठेतील मध्यमवर्गीय घर दोनच गोष्टी करते. एक तर मुकाट्याने कपाळाला हात लावते, नाहीतर कोणाचा तरी 'शब्द' टाकण्यासाठी धावपळ सुरू करते. तिसरा, सरळ आणि सनदशीर मार्ग उपलब्ध आहे, याची जाणीव फार थोड्यांना असते. तो मार्ग म्हणजे निर्णयाविरुद्ध रीतसर लेखी दाद मागणे. हा मार्ग कोणता, त्याच्या मर्यादा कोणत्या आणि समाज म्हणून आपले त्याविषयी काय कर्तव्य आहे, याचा विचार करणे आज अगत्याचे झाले आहे.

प्रश्न आता मूठभरांचा नाही

व्यवसायाचे शिक्षण केवळ पुस्तकातून मिळत नाही, हे आपल्या परंपरेला नवे नाही. वैद्य गुरूच्या हाताखाली घडे, सुताराचा मुलगा बापाच्या रंध्याखाली घडे. आधुनिक शिक्षणाने हीच गोष्ट नियमांत बांधली. राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेच्या २०१४ च्या विनियमांनी बी.एड. दोन वर्षांचे केले आणि त्यात २० आठवड्यांची शालेय आंतरवासिता सक्तीची केली. पहिल्या वर्षी चार आठवडे, दुसऱ्या वर्षी सोळा. वर्गातील तासांना ८० टक्के उपस्थिती पुरते, आंतरवासितेला मात्र ९० टक्के लागते. परिचर्येच्या विद्यार्थिनीला वॉर्डातील पोस्टिंग पुरे करावे लागते, समाजकार्याच्या विद्यार्थ्याला क्षेत्रकार्य, तर डॉक्टर होऊ पाहणाऱ्याला बारा महिन्यांची आंतरवासिता.

आजवर हा प्रश्न शिक्षक, परिचारिका, समाजकार्यकर्ते आणि डॉक्टर होऊ पाहणाऱ्यांपुरता होता. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० ची अंमलबजावणी महाराष्ट्रात सुरू झाल्यापासून तो घराघरांत पोहोचला आहे. २०२३-२४ पासून पदव्युत्तर अभ्यासक्रमाच्या पहिल्याच वर्षात चार श्रेयांकांचे 'ऑन जॉब ट्रेनिंग' आले. म्हणजे मराठी, इतिहास किंवा वाणिज्य घेऊन एम.ए., एम.कॉम. करणाऱ्या विद्यार्थ्यालाही आता कोणत्या तरी कार्यालयात, संस्थेत किंवा उद्योगात जाऊन काम करावे लागते आणि त्या कामावर कोणीतरी 'समाधानकारक' किंवा 'असमाधानकारक' असा शेरा मारतो. हे धोरण स्वागतार्ह आहे, कारण पदवी आणि पोट यांची फारकत त्यामुळे कमी होईल. परंतु ज्या परीक्षेला प्रश्नपत्रिका नाही, उत्तरपत्रिका नाही आणि गुणदानाचा तक्ताही पुष्कळदा नाही, त्या परीक्षेत नापास झालेल्याने दाद कोठे आणि कशी मागावी, याचा विचार धोरणाच्या उत्साहात मागे पडला, हेही मान्य केले पाहिजे.

या परीक्षेचे आणखी एक वैशिष्ट्य ध्यानात घेण्याजोगे आहे. लेखी विषय राहिला तर पुढील सत्रात पुन्हा बसता येते. आंतरवासिता राहिली तर वर्ष जाते, कारण शाळा आपल्या वेळापत्रकाने चालतात आणि सोळा आठवड्यांची सलग संधी वर्षातून एकदाच येते. त्यातच बी.एड. प्रवेशाच्या तारखेपासून कमाल तीन वर्षांत पुरे करावे, असे बंधन आहे. दुसऱ्या वर्षी आंतरवासितेत नापास झालेल्या विद्यार्थिनीच्या हाती म्हणून एकच वर्ष उरते. तिचा अर्ज चार-सहा महिने टेबलावर पडून राहिला तर वेगळा निर्णय देण्याची गरजच राहत नाही. विलंब हाच निकाल होतो. वैद्यकीय शिक्षणातही २०२३ च्या विनियमांनी पहिल्या व्यावसायिक परीक्षेला चार संधी आणि एकूण अभ्यासक्रमाला नऊ वर्षे अशी मर्यादा घातली आहे. घड्याळ सर्वत्र विद्यार्थ्याच्या विरुद्ध चालते.

न्यायालये काय म्हणतात?

'कोर्टात खेचू' ही आपल्याकडची पहिली प्रतिक्रिया असते. कोल्हापूरकरांना तर आता मुंबई गाठण्याचेही कारण उरलेले नाही. अनेक दशकांच्या लढ्यानंतर १७ ऑगस्ट २०२५ रोजी तत्कालीन सरन्यायाधीश भूषण गवई यांच्या हस्ते मुंबई उच्च न्यायालयाच्या कोल्हापूर सर्किट बेंचचे उद्घाटन झाले आणि दुसऱ्या दिवशी कामकाज सुरू झाले. सहा जिल्ह्यांच्या पक्षकारांची मोठी सोय झाली. परंतु न्यायालयाचे अंतर कमी झाले म्हणून या विषयातील कायदा बदललेला नाही आणि तो कायदा पालकांनी आधी समजून घेतला पाहिजे.

१९८० साली जवाहरलाल नेहरू विद्यापीठाच्या एका विद्यार्थ्याचे प्रकरण सर्वोच्च न्यायालयासमोर आले. अभ्यासातील प्रगती असमाधानकारक म्हणून त्याचे नाव विद्यापीठाच्या पटावरून काढले गेले होते. आपली बाजू ऐकून घेतली नाही, हा त्याचा मुख्य आक्षेप. न्यायालयाने विद्यापीठाची बाजू उचलून धरली. जाणकारांच्या मंडळाने टप्प्याटप्प्याने विद्यार्थ्याचे काम तपासून प्रतिकूल मत बनवले असेल, तर तेथे खटल्यासारखी सुनावणी घेण्याचा प्रश्न येत नाही, असा त्या निकालाचा आशय आहे.

चार वर्षांनी, १९८४ मध्ये, महाराष्ट्राचेच एक प्रकरण गाजले. राज्य माध्यमिक व उच्च माध्यमिक शिक्षण मंडळाने उत्तरपत्रिका पाहण्यास आणि पुनर्मूल्यांकनास बंदी घालणारे नियम केले होते. मुंबई उच्च न्यायालयाने ते रद्द ठरवले. सर्वोच्च न्यायालयाने मात्र मंडळाचे नियम कायम केले आणि शिक्षणतज्ज्ञांच्या निर्णयाच्या जागी न्यायालयाने आपले मत घालण्याबाबत फार सावध असावे, असे बजावले. परितोष शेठ प्रकरण या नावाने हा निकाल आजही विद्यापीठांचे वकील न्यायालयात पुढे ठेवतात.

पण याच मंडळाची पुढची वाटचाल पाहण्यासारखी आहे. जे कायद्याने त्याच्यावर लादले नव्हते, ते त्याने पुढे स्वतःहून स्वीकारले. आज दहावी-बारावीच्या विद्यार्थ्याला उत्तरपत्रिकेची छायाप्रत मिळते आणि पुनर्मूल्यांकनही मागता येते. त्यामुळे मंडळाची प्रतिष्ठा गेली नाही, उलट निकालावरील विश्वास वाढला. सर्वोच्च न्यायालयानेही २०११ मध्ये केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळाच्या प्रकरणात, तपासलेली उत्तरपत्रिका ही माहितीच्या अधिकाराखालील 'माहिती' आहे आणि विद्यार्थ्याला ती पाहता येते, असा निर्णय दिला. गुणदान हा तज्ज्ञांचा प्रांत राहिला, पण त्या प्रांतावरचा पडदा दूर झाला.

प्रात्यक्षिक प्रशिक्षणाच्या संदर्भात जगभर ज्याची चर्चा होते, ते प्रकरण अमेरिकेतील मिसुरी विद्यापीठाच्या वैद्यकीय महाविद्यालयाचे. लेखी परीक्षांत उत्तम गुण मिळवणाऱ्या एका विद्यार्थिनीला रुग्णालयातील कामावरून अंतिम वर्षात काढून टाकण्यात आले. रुग्णांशी वागणूक, वेळेचे भान आणि व्यक्तिगत स्वच्छता हे आक्षेपाचे मुद्दे होते. प्रकरण तेथील सर्वोच्च न्यायालयात गेले आणि १९७८ मध्ये निकाल विद्यापीठाच्या बाजूने लागला. पण विद्यापीठ का जिंकले, हे पाहिले पाहिजे. त्याने विद्यार्थिनीला आधी असमाधान कळवले होते, ताकीद देऊन सुधारण्यास अवधी दिला होता आणि तिने दाद मागितल्यावर सात बाहेरच्या डॉक्टरांकडे थोडा थोडा काळ काम करावयास पाठवून त्यांची स्वतंत्र मते मागवली होती. त्या सातांपैकी दोघांनी तिला पदवी द्यावी असे म्हटले, दोघांनी ताबडतोब काढावे असे म्हटले आणि तिघांनी पदवी तूर्त न देता परीक्षाकाळ वाढवावा असे सुचवले.

सात तज्ज्ञ आणि तीन मते! प्रात्यक्षिकाचे मूल्यमापन किती नाजूक असते, याचा याहून बोलका दाखला शोधूनही सापडणार नाही. आपल्याकडे मात्र पुष्कळदा एकाच निरीक्षकाच्या एकाच शेऱ्यावर तीन वर्षांच्या कष्टांचा निकाल लागतो.

शिस्त वेगळी, गुणवत्ता वेगळी

येथे एक भेद स्पष्ट करणे आवश्यक आहे, कारण बहुतेक प्रकरणांत घोटाळा तेथेच होतो. विद्यार्थिनीला वर्ग हाताळता येत नाही, पाठाचे टाचण नीट काढता येत नाही, इंजेक्शनची मात्रा मोजता येत नाही, हे गुणवत्तेविषयीचे मत झाले. ती खोटी हजेरी लावते, रुग्णाची गोपनीय माहिती बाहेर सांगते, मुख्याध्यापकांशी उद्धटपणे वागते, हा वर्तनाविषयीचा आरोप झाला. पहिल्या बाबतीत तज्ज्ञांचा शब्द मोठा. दुसऱ्या बाबतीत आरोप सांगून खुलासा मागवल्याविना शिक्षा देता येत नाही. परीक्षेतील गैरप्रकारासाठी निकाल रद्द करण्यापूर्वी विद्यार्थ्याला बाजू मांडण्याची संधी दिली पाहिजे, हे सर्वोच्च न्यायालयाने १९६२ मध्येच उत्तर प्रदेशातील एका प्रकरणात सांगून ठेवले आहे.

काही संस्था वर्तनाचा राग गुणवत्तेच्या शेऱ्यात लपवतात. शाळेतील पर्यवेक्षकांशी एकदा खटका उडाला आणि शेवटच्या अहवालात 'अध्यापन कौशल्य असमाधानकारक' असे उमटले, तर तो शेरा गुणवत्तेचा नसून शिक्षेचा असतो. विद्यार्थ्याने आणि पालकांनी प्रथम हाच प्रश्न विचारला पाहिजे की, आमच्या मुलीला काय येत नाही म्हणून तिला काढले, की ती काय वागली म्हणून काढले? उत्तर कोणतेही असो, पुढील वाट त्यावरच ठरते.

दाद मागण्याची सनदशीर वाट

विद्यापीठ अनुदान आयोगाने ११ एप्रिल २०२३ रोजी विद्यार्थी तक्रार निवारणाचे नवे विनियम अधिसूचित केले. त्यानुसार प्रत्येक संस्थेत विद्यार्थी तक्रार निवारण समिती असणे बंधनकारक आहे. प्राध्यापक तिचे अध्यक्ष असतात, सोबत चार ज्येष्ठ अध्यापक आणि विशेष निमंत्रित म्हणून एक विद्यार्थी प्रतिनिधी. अध्यक्ष किंवा सदस्यांपैकी किमान एक महिला आणि किमान एक अनुसूचित जाती, जमाती किंवा इतर मागास वर्गातील असावी लागते. तक्रार मिळाल्यापासून कामकाजाच्या १५ दिवसांत समितीने आपला अहवाल द्यावयाचा असतो. तिच्या निर्णयाने समाधान झाले नाही तर १५ दिवसांत विद्यापीठाच्या लोकपालांकडे अपील करता येते. लोकपाल म्हणजे निवृत्त कुलगुरू, निवृत्त अनुभवी प्राध्यापक किंवा माजी जिल्हा न्यायाधीश. त्यांनी ३० दिवसांत प्रकरण निकाली काढण्याचा प्रयत्न करावा, अशी अपेक्षा आहे. विद्यार्थ्याला स्वतः बाजू मांडता येते किंवा प्रतिनिधी नेमता येतो. मूल्यमापनातील अपारदर्शक आणि अन्याय्य पद्धती हा तक्रारीचा विषय होऊ शकतो, तसेच मूळ कागदपत्रे अडवून ठेवणे हाही.

मात्र मर्यादा लक्षात ठेवावी. लोकपालांकडे केवळ 'गुण वाढवा', 'पुन्हा तपासा' अशी मागणी चालत नाही. निकालावर परिणाम करणारी विशिष्ट अनियमितता किंवा भेदभावाचा विशिष्ट प्रसंग दाखवावा लागतो. म्हणूनच दाद मागणारा अर्ज भावनेने ओथंबलेला असून भागत नाही. आईचे आजारपण, वडिलांचे कर्ज, घरची परिस्थिती या गोष्टी खऱ्या असतात, त्या सांगूही नयेत असे नाही. परंतु त्यांच्या बळावर निर्णय फिरत नाही. निर्णय फिरतो तो नोंदींच्या बळावर.

त्या अर्जात चार प्रश्न असावेत. पहिला, प्रशिक्षण सुरू होण्यापूर्वी मूल्यमापनाचे निकष लेखी दिले होते काय? दुसरा, ठरलेली निरीक्षणे प्रत्यक्ष झाली काय, किती झाली, कोणत्या तारखांना झाली आणि निरीक्षण वहीत त्यांची नोंद आहे काय? तिसरा, उणीव आढळल्यावर ती वेळेत सांगून सुधारण्यास अवधी दिला होता काय? चौथा, अंतिम निर्णय एका व्यक्तीने घेतला की नियमाप्रमाणे समितीने, आणि त्यामागील कारणे लिहिली आहेत काय? ज्या संस्थेने या चारही प्रश्नांची उत्तरे 'होय' अशी पुराव्यानिशी दिली, तिचा निर्णय कटू असला तरी न्याय्य आहे, असे समजून विद्यार्थ्याने तो स्वीकारावा. ज्या संस्थेपाशी एकाही प्रश्नाचे लेखी उत्तर नाही, तिने विद्यार्थ्याला नापास केलेले नसून त्याची परीक्षाच घेतलेली नाही!

अर्जातील मागणीही विवेकाची असावी. 'मला उत्तीर्ण करा' ही मागणी देणाऱ्यालाही अडचणीत आणते आणि मागणाऱ्यालाही कमीपणा आणते. 'दुसऱ्या शाळेत, दुसऱ्या वॉर्डात, दुसऱ्या निरीक्षकाखाली मला तेच काम पुन्हा करू द्या आणि तोवर माझे नाव पटावर ठेवा' ही मागणी स्वाभिमानाची आहे, कारण तीत परीक्षा टाळलेली नाही. २०१५ मध्ये रुरकीच्या आयआयटीने कमी गुणांच्या कारणावरून पहिल्या वर्षाच्या सत्तरहून अधिक विद्यार्थ्यांना एकदम काढले होते. देशभर चर्चा झाली आणि अखेर संस्थेनेच त्यांना पुन्हा शिकण्याची संधी दिली. त्यामुळे त्या संस्थेचा दर्जा घसरला, असे कोणी म्हटल्याचे ऐकिवात नाही.

माहितीचा अधिकारही हाताशी आहे. विद्यापीठ, शासकीय किंवा अनुदानित महाविद्यालय असेल तर दहा रुपये भरून निरीक्षणाचे अहवाल, उपस्थितीपत्रक आणि समितीच्या बैठकीचे इतिवृत्त मागता येते. निरीक्षकाचे नाव झाकले जाऊ शकते, त्याचे शेरे मागण्यास मात्र हरकत नाही. परंतु त्या उत्तराला ३० दिवसांची मुदत असते आणि अपिलाला १५ दिवसांची. माहितीची वाट पाहत अपिलाची मुदत घालवू नये. आधी अपील दाखल करावे, त्यातच कागदपत्रांची मागणी करावी आणि पोचपावती घ्यावी. तोंडी आश्वासनावर विसंबून किती मुलांची वर्षे वाया गेली, याची गणती नाही.

आपली अनेक मुले परदेशी विद्यापीठांतही जातात. त्यांच्या पालकांनी हे ध्यानात ठेवावे की, इंग्लंड आणि वेल्समध्ये २००४ च्या कायद्यान्वये विद्यार्थ्यांच्या तक्रारींसाठी स्वतंत्र निवाडा कार्यालय आहे. विद्यापीठांतर्गत प्रक्रिया संपल्यावर बारा महिन्यांच्या आत तेथे जाता येते. तेथेही तज्ज्ञांच्या शैक्षणिक मताला हात लावला जात नाही. प्रक्रिया नियमानुसार आणि निःपक्षपातीपणे झाली काय, एवढेच तपासले जाते. तत्त्व सर्वत्र एकच आहे.

मोर्चा नको, वशिलाही नको

आपल्या पेठांचा स्वभाव उसळता आहे आणि त्याचा आम्हांला अभिमानही आहे. परंतु प्रत्येक प्रश्नाचे उत्तर मोर्चा हे नव्हे. प्राचार्यांच्या कक्षात पन्नास तरुण घुसले आणि घाबरून शेरा बदलला गेला, तर त्या विद्यार्थिनीला न्याय मिळाला असे होत नाही. तिला मिळाली ती सूट आणि तिच्या प्रमाणपत्राला चिकटला तो कायमचा संशय. वशिल्याचे तर बोलूच नये. एखाद्या पुढाऱ्याच्या दूरध्वनीवर उत्तीर्ण झालेली परिचारिका उद्या सीपीआरच्या वॉर्डात आपल्याच आजीला सलाईन लावणार आहे. वशिल्याने शिक्षक झालेला तरुण आपल्याच नातवाला गणित शिकवणार आहे. अपात्राला उत्तीर्ण करणे ही दया नव्हे, ती समाजाशी केलेली प्रतारणा आहे.

यासाठीच नापास करण्याचा संस्थेचा अधिकार अबाधित राहिला पाहिजे, असे आमचे स्पष्ट मत आहे. रोगनिदान चुकवणाऱ्या, लहान मुलांवर हात उगारणाऱ्या, जबाबदारी न कळणाऱ्या उमेदवाराला दारातच थांबवण्याचे धैर्य ज्या शिक्षकापाशी आहे, त्याच्या पाठीशी समाजाने उभे राहावे. परंतु हा अधिकार नैतिक बळावर उभा असतो. आंतरवासितेच्या काळात शाळेचे तोंडही न पाहता ज्यांच्या फायली घरबसल्या तयार होतात आणि सही-शिक्क्यानिशी मंजूर होतात, असे प्रकार शिक्षणक्षेत्रातील कोणाला ठाऊक नाहीत? जेथे पन्नासांच्या कोऱ्या कामावर डोळे मिटून सह्या होतात, तेथे एकावन्नाव्याला 'असमाधानकारक' ठरवणारा शेरा कठोरपणाचा नसतो, लहरीपणाचा असतो. सर्वांना सारखे मोजणाऱ्यालाच कोणाला तरी कमी भरले असे म्हणण्याचा हक्क आहे. रामशास्त्रींचे नाव आपण न्यायासाठी घेतो, कारण त्यांनी माणूस पाहून माप बदलले नाही.

अध्यापकांची अडचणही समजून घेतली पाहिजे. एकेका मार्गदर्शकाकडे अनेक विद्यार्थी, शाळा दूरदूरच्या, रिक्त पदांमुळे तासिका तत्त्वावरील शिक्षकांवर भार आणि प्रवासाचा खर्च पदरचा. गगनबावड्याच्या किंवा चंदगडच्या शाळेत जाऊन दहा-दहा पाठ बघणे एकट्या माणसाला जमणारे नाही. पण या अडचणीचे उत्तर न पाहता शेरा मारणे हे होऊ शकत नाही. मध्यावर एक लेखी आढावा, त्यावर विद्यार्थ्याची सही, उणिवांची यादी, सुधारणेची मुदत आणि नापास करण्यापूर्वी दुसऱ्या निरीक्षकाचे मत, एवढी पाच पावले उचलली तरी निम्मे तंटे जन्मालाच येणार नाहीत. त्यासाठी शासन निर्णयाची वाट पाहावी लागत नाही. त्याला हवे ते मनाचे मोठेपण आणि दोन कोरे कागद.

नियम कागदावर राहिले की काय होते, हेही आपण पाहिले आहे. लोकपाल नेमण्याचे बंधन असूनही देशातील १५७ विद्यापीठांनी ते पाळले नसल्याची यादी जून २०२४ मध्ये आयोगालाच जाहीर करावी लागली. अपील ऐकणारा माणूसच नेमलेला नसेल, तर अपिलाचा अधिकार हा देव्हाऱ्याविना घंटेसारखा होतो. आपल्या पाल्याच्या महाविद्यालयात समिती आहे काय, तिच्या सदस्यांची नावे फलकावर आहेत काय, विद्यापीठाचे लोकपाल कोण, हे प्रवेश घेतानाच विचारणे हा पालकाचा हक्क आहे. शुल्क भरताना आपण वसतिगृहाची खोली पाहतो, खानावळ चाखतो. मग ही चौकशी करण्यास संकोच कशाला?

समाजाने काय करावे?

कोल्हापूर हे बोर्डिंगांचे शहर आहे. राजर्षी शाहू महाराजांनी विसाव्या शतकाच्या प्रारंभी जातीजातींच्या मुलांसाठी वसतिगृहे उभी करवली, कारण खेड्यातील मुलगा केवळ आसऱ्याअभावी शिक्षणातून गळू नये, ही त्यांची तळमळ होती. १९६२ साली शिवाजी विद्यापीठ स्थापन झाले तेव्हा दक्षिण महाराष्ट्रातील शेतकऱ्याच्या घरी पदवी पोहोचली. आज मुलगा आसऱ्याअभावी गळत नाही. तो माहितीअभावी गळतो. त्याला अर्ज कोणाकडे करावा हे ठाऊक नसते, मुदत ठाऊक नसते आणि विचारावे असे माणूसही जवळ नसते. ज्या घरातील पहिलीच पिढी महाविद्यालयात गेली आहे, त्या घराला दोन ओळींचे पत्र म्हणजे ब्रह्मवाक्य वाटते.

येथे कार्यकर्त्यांना काम आहे. शिवाजी पेठेत निवृत्त मुख्याध्यापक आहेत, प्राध्यापक आहेत, वकील आहेत, रुग्णालयात आयुष्य घालवलेल्या परिचारिका आहेत. तालीम मंडळाच्या खोलीत किंवा वाचनालयात आठवड्यातून एक सायंकाळ यांपैकी दोघे-तिघे बसले, तर आलेल्या विद्यार्थ्याचे कागद लावून देणे, तारखा मांडून देणे, एका पानाचा मुद्देसूद अर्ज लिहून देणे सहज शक्य आहे. आणि तितकेच महत्त्वाचे म्हणजे, कागद पाहून 'बाळ, येथे संस्थेचे बरोबर आहे, तू हा व्यवसाय सोड किंवा पुन्हा तयारी कर' असे वडीलकीच्या नात्याने सांगणेही शक्य आहे. वकिलाच्या पहिल्या नोटिशीपेक्षा या सल्ल्याची किंमत अधिक आहे. अशा वेळी मुलाच्या मनावर काय ताण असतो, हे वेगळे सांगावयास नको. 'लोक काय म्हणतील' या भीतीने तो खोलीचे दार लावून घेतो. त्या दारावर प्रेमाने थाप मारणारा हात शेजारचा असला तर पुष्कळ अनर्थ टळतात.

घरच्यांनीही एक गोष्ट मनाशी पक्की करावी. प्रात्यक्षिकात नापास होणे म्हणजे आयुष्यात नापास होणे नव्हे. चांगला शिक्षक होऊ न शकलेला तरुण उत्तम ग्रंथपाल होऊ शकतो, वॉर्डात गोंधळणारी मुलगी प्रयोगशाळेत नाव काढू शकते. पण हे त्याला कळण्यासाठी, आपण नेमके कोठे कमी पडलो हे त्याला समजले पाहिजे. कारण न सांगता नापास केलेला विद्यार्थी काहीच शिकत नाही. तो केवळ दुखावला जातो. कारण सांगून नापास केलेला विद्यार्थी आणखी एक धडा शिकून बाहेर पडतो आणि तो शिकवणे हेही विद्यापीठाचेच काम आहे.

म्हणून विद्यापीठांना आमचे सांगणे एवढेच की, दाद मागणाऱ्या विद्यार्थ्याला शत्रू समजू नका. त्याचा अर्ज हा तुमच्या अधिकारावरील हल्ला नाही, तुमच्या न्यायबुद्धीवरील विश्वास आहे. आणि विद्यार्थ्यांना सांगणे असे की, पत्र हाती पडल्याचा दिवस वहीत लिहून ठेवा. आणि समितीचा निर्णय हाती पडल्याचा दिवसही लिहून ठेवा. अपिलाचे पंधरा दिवस त्याच क्षणापासून मोजले जातात.